भातगिरणीची काजळी

मंडळी, आज सकाळी माझी भातगिरणी आमसुलाच्या पाण्याने घासली गेली आणि मी चांगलीच तापले.

परसातल्या माझ्या चिमुकल्या रेल्वेचे फोटो तुम्ही पाहिलेत. रुळांशेजारी, जांभ्याच्या छोट्या शेडमध्ये बाबांचं खेळण्यातलं वाफेचं इंजिन आहे. त्याचा बॉयलर गळतो, म्हणून ते आता रेल्वेशेजारच्या खेळण्यातल्या गावची भातगिरणी होऊन नुसतं उभं असतं. बाबांनी शेवटचं पेटवलं तेव्हाची काजळी मी त्यावर चाळीस वर्षं जपली होती.

काल गुहागरहून वहिनी आली. आज मी बाजारातून परतले, तर इंजिन समईसारखं लखलखत होतं.

"वहिनी, हात लावण्याआधी विचारायचं तरी!"

"अहो वन्सं, गिरणी म्हणता आणि दिसते कोळशाच्या वखारीसारखी. तिथे भात कोण नेईल?"

राग गिळायला कॉन्व्हेंटमध्ये नन्सनी शिकवलं होतं, पण तेवढा एकच धडा मला जमला नाही. ती काजळी कोणाची होती, ते मी तिला चांगलं सुनावलं.

वहिनीने वाकून इंजिनाखाली पाहिलं. मग हळूच म्हणाली, "वाफ नको, काजळीच हवी ना? मग खाली पणती ठेवूया."

बॉयलर कोरडा तापू नये म्हणून मी झाकण काढून पाणी भरलं. ते गळेल तसं वहिनी ओतत राहिली. संध्याकाळभर आम्ही दोघी तिनेच घासलेलं पितळ काळं करत बसलो.

ही बाबांची काजळी नव्हे, मला कळतं. पण वहिनीला मी इतक्या वर्षांत त्याबद्दल एक शब्द सांगितला नव्हता, हेही खरंच.

तुमच्या घरात मुद्दाम न घासलेलं काय आहे? आणि ते कोणाला सांगून ठेवलंय का?