डेसिकेटरमधलं झेंडूचं फूल

नगरच्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चं काम करत होते. माझा पदार्थ म्हणजे सिझियम, सोडियम आणि प्रेसिओडिमियम यांचं एकत्र क्लोराईड. आता अशांना हॅलाइड डबल पेरॉव्स्काइट म्हणतात; आम्ही नुसतं दुहेरी क्लोराईड म्हणायचो. फिकट हिरवी पूड. ती कोणता प्रकाश शोषते म्हणून हिरवी दिसते, ते मी पुण्याला जाऊन मोजून आणलं होतं. चुंबक तिला किती जोराने ओढतं, एवढंच मोजायचं राहिलं होतं. सिझियम परदेशातून आलेलं, आणि ते सगळं या चिमूटभर पुडीत संपलं होतं.

ही पूड हवेतली ओल घेते आणि बिघडते. म्हणून ती उघड्या वाटीत घालून डेसिकेटरमध्ये ठेवायची. म्हणजे तळाशी ओल शोषणारं मीठ घातलेलं, जाड काचेचं बंद भांडं. दुष्काळाचं वर्ष होतं. कोरडी हवा माझ्या कामाला सोयीची होती, पण हे कुणापाशी बोलण्यासारखं नव्हतं.

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या उपकरणांची पूजा आमचे शिपाईमामा करायचे. आदल्या दिवशी घरी निघताना मी म्हटलं, "मामा, एकही वस्तू सोडू नका हं, नाहीतर वर्षभर रुसून बसेल." गंमत केली होती.

दसरा उलटल्यावर मी आले, तर डेसिकेटरच्या काचेला आतून वाफ धरलेली. आत झेंडूचं एक फूल, आणि वाटीत पुडीऐवजी हळदकुंकवाचा चिखल.

"मामा, हे झाकण कुणी काढलं?"

"म्याच. तुमीच म्हन्ला न्हवं, कायबी सोडू नका?"

"फूल ओलं होतं?"

"भिजवलं की, ताजं ऱ्हावं म्हनून. औंदा फुलं कुठं हायेत बाई? घोडेगावास्नं एकच गावलं. म्हटलं, तराजूला कशाला, आपल्या बाईंच्या कामालाच वाहू."

तापवून वाळवावं, तर हळदीचा कोळसा होणार, आणि ओल लागलेलं क्लोराईड तापवलं की तेही बदलतं. पाण्यात विरघळवून, गाळून पाहिलं. पिवळेपणा गेला नाही. मार्गदर्शक सरांना पत्र टाकलं. दोन ओळींचं उत्तर आलं: सिझियम पुन्हा मिळणार नाही, विषय बदला.

तरी एका दुपारी मी ते पाणी आटवून उरलेला लगदा काचेच्या नळीत भरला, नळी तराजूच्या दोऱ्याला बांधून विजेवरच्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगली आणि वीज चालू केली. काटा हलला.

मामा मागेच उभे होते. "वडतंय का वो?"

"ओढतंय."

"मंग झालं की काम! उगी चार दिवस तोंड पाडून बसलाव."

आकडा मी वाचला, वहीत लिहिला नाही. नळीत मूळ पदार्थ किती उरलाय हेच माहीत नव्हतं. वीज बंद केली, नळी सोडवली आणि धुवायला टाकली.