पल्लवीचे तीन फोटो अंगणात नेले

बायांनो, सकाळपासून आनंद पोटात मावून नाही राहिला, म्हणून लिहून राहिली. मी तिसरीपर्यंतच शिकलेली, चुका सांभाळून घ्या.

माझी नात पल्लवी फोटो काढते. नवेगाव बांधाच्या तलावात जाळं फेकणाऱ्या ढिवराचा तिचा काळा-पांढरा फोटो नागपूरच्या प्रदर्शनात लागणार आहे. पहिल्यांदाच! घरच्या प्रिंटरवर तिनं तोच फोटो तीन तऱ्हेच्या कागदांवर छापला आन् ट्यूबलाईटखाली रडवेली होऊन बसली.

"आजी, तिन्ही सारखेच दिसून राहिले. उद्या कोणता नेऊ?"

मी तिन्ही उचलले आन् अंगणात निघाली. लुगडं घेतानाही मी दुकानाबाहेर नेऊनच रंग पाहते, मंग दुकानदार कितीही कुरकुरो.

"अवं, कायले उनात नेऊन राहिली? कडेनं धर, बोटाचे डाग पडतील!" ती मागून ओरडली.

चकचकीत कागदात ढिवरापेक्षा माझंच तोंड जास्त दिसत होतं. दुसऱ्यावर तलावाचं काळं पाणी हिरवट झालं, शेवाळ आल्यासारखं. तिसरा कापसाचा जाड कागद, त्यावर तिनं नुसती काळी आन् करडी शाई वापरली होती. तिथं काळं काळंच राहिलं, जाळ्याचा धागा न् धागा दिसला.

पल्लवीनं तो हातात घेऊन उनात फिरवून पाहिला. मंग डोळे पुसून म्हणते कशी, "म्हातारे, हाच नेते. आन् तू बी चल. तिथल्या उजेडात कसा दिसते ते तूच सांग."

चाललीच मी! पर तुमच्यापैकी कोणी प्रदर्शनात गेलं आहे का? तिथं फोटोपुढं नुसतं उभं राहायचं, का काही बोललं तं चालते?