काकांसमोर गप्प बसणारा गुरुदत्त

गुरुदत्त सोमवारी परीक्षेला बसणार नाही, ही धास्ती दोन दिवस मनातून जात नाही. कॉलेजचं शेवटचं वर्ष, संख्याशास्त्राचा शेवटचा पेपर, आणि माझा एकवीस वर्षांचा मुलगा उद्या लास व्हेगासला निघालाय. आमचे जुने स्नेही पुरुषोत्तमराव, त्यांच्याबरोबर. फुटबॉलवर पैसे लावायला!

त्याला यातलं कळतं, हे मी नाकारत नाही. लहानपणी मीच त्याच्याकडून पावकी-दिडकी घोकून घेतली. समोरच्यानं पैजेचा भाव सांगेपर्यंत याच्या डोक्यात टक्केवारी तयार असते. आपली टीम हरली की आमचं अख्खं ईडन प्रेरी गाव सुतकात असतं, हा मात्र कुठल्याच टीमच्या प्रेमात पडला नाही. आठवड्याला चौदा मॅचेस असल्या तर बारा सोडून देतो. हरला तरी नीट जेवतो आणि कुठे चुकलं ते वहीत लिहितो. कॉलेजातल्या मित्रांशी पाच-पाच डॉलरच्या पैजा लावायचा, बहुतेक जिंकायचा. तेवढ्यावर थांबलाही असता.

पण दिवाळीच्या जेवणात पुरुषोत्तमरावांना हे कळलं. हृदयाचे एवढे मोठे डॉक्टर!

"काय प्रोफेसर, या रविवारी आपलीच टीम ना?"

"काका, आय वुड स्किप दॅट वन."

"अरे, घाबरतोस काय मुलीसारखा? लाव माझे दोनशे!"

आणि यानं लावले. मित्रांना तोंडावर नाही म्हणणारा मुलगा काकांसमोर मान खाली घालतो. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे आम्हीच शिकवलं ना! आता पुरुषोत्तमराव धरून आमच्या ओळखीतल्या सहा काकांनी मिळून त्याचं तिकीट काढलंय. कुठे पैसे लावायचे ते यानं सांगायचं, आणि सोमवारी रात्रीची मॅच बघूनच परतायचं.

"परीक्षेचं सांगितलंस त्यांना?" मी विचारलं.

"हाउ कॅन आय, आई? दे ऑलरेडी बॉट माय टिकेट."

माझा नवरा श्रीराम म्हणतो, "त्यांना दुखवू नकोस. चौसष्ट साली अमेरिकेत आलो तेव्हा तीन महिने त्यांनीच ठेवून घेतलं होतं." ठेवून घेतलं, मान्य. म्हणून मुलाचं वर्ष द्यायचं? त्यांचा स्वतःचा राजीव खोलीत दार लावून मेडिकलचा अभ्यास करतोय. त्याचं तिकीट नाही काढलं कुणी!

अकरा वाजून गेलेत. डॉक्टर माणूस, अवेळी फोन घ्यायची सवय असेलच. गुरुदत्तचं तिकीट कॅन्सल करा, एवढंच सांगणार आहे. "अहो वहिनी, रागावता काय," असं हसत म्हणाले तरी पुन्हा तेच सांगणार आहे. श्रीराम झोपलाय. स्वयंपाकघरातूनच लावते फोन.