स्क्रीनच्या कोपऱ्यातली वेळ

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. कंधारला भाऊ आहे, त्याला सांगितलं नाही. आई होती तोवर तिलाही नाही. आता सांगायला बसलो तरी धड कुठून सुरू करावं ते कळत नाही. खून-मारामारीची गोष्ट नव्हे ही. कंप्यूटरच्या कामातली आहे. ऐकून तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंच होय? — म्हणा. मीही स्वतःला बरीच वर्षं तेच म्हणत आलो.

लातुरात एका छोट्या कंपनीत मी प्रोग्रॅमर आहे. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो आम्ही. केसपेपरचा एक भाग, औषधांचा एक, लॅबचा एक, बिलाचा एक — असे पुष्कळ. आणि सगळ्यांच्या बुडाशी एक सामायिक भाग, ज्याच्यावर बाकीचे उभे. काही बदल केला की हे सगळं कंप्यूटरकडून नव्यानं बांधून घ्यावं लागतं. त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. आमचं बिल्ड चांगलं तासा-दीड तासाचं. शनिवारी दुपारी लावायचं, कारण रविवारी दवाखान्यात गर्दी कमी. काही बिघडलं तर निस्तरायला सवड.

राहायला मी बार्शी रोडला, एका खोलीत. अख्खी बिल्डिंग क्लासच्या पोरांची, डॉक्टर व्हायला आलेली. दार लावून घोकत बसतात. जिन्यात भेटली तरी मान वर करत नाहीत. वर्ष संपलं की जातात, नवी येतात. लग्न जमलं नाही माझं — का जमलं नाही ते राहू द्या. सांगायचं एवढंच, की रविवारी मेसवाल्या मावशींना "भाजी वाढा" म्हणालो की तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं. सोमवारी ऑफिसात पहिला शब्द काढताना आवाज बसलेला असायचा. खरंच.

मग प्रज्ञा मॅडम आल्या. अर्धापूरच्या. नवरा हैदराबादला नोकरीला, आणि बालवाडीतली पोरगी, सावी, अर्धापुरात आजीजवळ. मॅडमचं काम तपासणीचं, जोडीला माझ्याकडून प्रोग्रॅमिंगही शिकायच्या. बिल्ड झालं की एकेक भाग उघडून बघायचा, मग दवाखान्यांना पाठवायचा. ते उरकून शनिवारी संध्याकाळची नांदेडची बस धरायची आणि तिथून पुढं अर्धापूर. ती बस चुकली की नंतरची इतक्या अवेळी नांदेडात सोडायची, की पुढं जायला काही मिळायचं नाही. मग रविवारी सकाळी निघायचं, पोरीजवळ घटकाभर बसायचं आणि परत फिरायचं. बस चुकायची. पुष्कळदा चुकायची.

शनिवारी बाकीचे आपापलं उरकून सटकायचे. उरायचो आम्ही दोघं, आणि ते बिल्ड. गॅलरीत दोन खुर्च्या टाकून बसायचो. खाली डाळमिलचे ट्रक अडकलेले असायचे, त्यांची हॉर्नबाजी. मॅडम घरची केळी आणायच्या, चिवडा आणायच्या आणि सावीचं सांगत बसायच्या — आज फोनवर काय म्हणाली, कुणाशी भांडली. मीही सांगायचो. लहानपणी कंधारच्या किल्ल्यात कसा हरवलो होतो, आईनं सापडल्यावर आधी कसं बडवलं आणि मग कसं पोटाशी धरलं. हे कुणी कधी विचारलंच नव्हतं मला! तुम्ही भलता अर्थ काढू नका. प्रेमबीम नव्हतं. एक माणूस माझ्याशी बोलत होतं, बस्स.

एकदा त्या म्हणाल्या, "सर, ह्या आठवड्यात लॅबच्या भागाला कुणी हात बी लावला न्हाई. मग तो बी कामून नव्यानं बांधून राहिलंय हे?"

मी म्हणालो, मोठ्या कामाचं असंच असतं. त्या दिवशी मला खरंच तसं वाटत होतं. इथवर माझं काही चुकलेलं नाही.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. सोमवारी लवकर येऊन बघत बसलो — आणि सापडलं. सापडलं ते माझंच होतं. पूर्वी कंपनीचे मालक म्हणाले होते, हे सॉफ्टवेअर कधी बांधलं ती तारीख-वेळ प्रत्येक स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसली पाहिजे. मी हौसेनं करून दिलं होतं, सामायिक भागातल्या एका फाईलीत. दर बिल्डच्या आधी त्या फाईलीत नवी वेळ लिहिली जायची. फाईल बदलली, म्हणजे सामायिक भाग बदलला. तो बदलला, म्हणजे त्याच्यावर उभं असलेलं सगळं कंप्यूटर इमानदारीत पुन्हा बांधायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून वरण, भात, पोळ्या सगळं सांडून नव्यानं चूल पेटवावी, तसं.

ती वेळ मी तिथून काढली, सगळ्यांच्या बाहेर एका वेगळ्या जागी ठेवली. एक किरकोळ बदल करून बिल्ड लावलं. बाटलीत पाणी भरून आलो तर संपलेलं!

लई आनंद झाला आधी. मग — कसं सांगू? — मग गॅलरीतल्या त्या दोन खुर्च्या दिसल्या. एवढ्यात बिल्ड झालं तर मॅडम शनिवारी लगेच निघतील. चांगलंच की! पोरगी वाट बघून राहिली त्यांची. हे मला कळत नव्हतं का? सगळं कळत होतं. आणि मी सगळं होतं तसं परत करून ठेवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी थोडं बरं होतं. पण मॅडम हुशार होत्या. काही महिन्यांनी पुन्हा म्हणाल्या, ज्या भागात बदल नाही तो पुन्हा बांधायची गरज नसते असं वाचलंय. मी बघू का जरा? आणि मी — त्यांच्याहून मोठा, त्यांना काम शिकवणारा — मी आवाज चढवून म्हणालो, "आपलं लई मोठं हाय, लई जुनं हाय. तुम्ही हात लावू नका. उद्या दवाखान्यात गोंधळ झाला तर कोण निस्तरणार?" त्यांचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा कधी विचारलं नाही त्यांनी. आपल्यालाच कळत नाही असं धरून चालल्या.

मग सावीचं गॅदरिंग आलं. शनिवारी संध्याकाळी, पहिल्यांदाच नाचणार होती. त्या आठवड्याचं बिल्ड शुक्रवारीच लावून मॅडमनी सगळी तपासणी उरकली होती, दुपारची बस धरायची होती. आणि शनिवारी सकाळी एका दवाखान्याचा फोन — लॅबच्या रिपोर्टवर दोन तपासण्यांची नावं उलटसुलट छापून राहिलीत. आजच्या आज नीट करा. मी बदल केला, दोन शब्दांचा. मॅडम पर्स खांद्याला लावून मागं उभ्या होत्या.

त्या दिवशी माझ्या हातात होतं. वेळेची ती ओळ बाजूला केली असती तर त्या दुपारच्या बसमध्ये असत्या. पण मग विचारलं असतं ना त्यांनी — आज एवढ्यात कसं झालं, सर? तेव्हा मला त्यांची सोबतही नको होती, नुसती भीती होती. मी तपासतो, तुम्ही जा — हे तरी म्हणता आलं असतं की नाही? सुचलंही होतं. पण ज्यानं केलं त्यानंच तपासायचं नाही असा आमच्याकडं नियम. त्या नियमाच्या आड मी लपलो आणि नेहमीसारखं बटण दाबलं.

दुपारची बस गेली, मग संध्याकाळचीही हुकली — त्या दिवशी घाईत काहीतरी अडलं आणि बिल्ड पुन्हा लावावं लागलं. फोनवर व्हिडिओ आला. गॅलरीत बसून आम्ही दोघांनी बघितला. लाल झगा घातलेली सावी नाचायचं सोडून समोरच्या गर्दीत कुणालातरी शोधत होती. मॅडमनी तो संपेपर्यंत बघितला, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही तरी सोबत बसता. न्हाईतर मी कवाच सोडून दिलं असतं."

मी काय केलं असेल? केळं सोलून खाल्लं.

पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. जाताना मला वाकून नमस्कार केला. मी करू दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी ती ओळ हलवली. मालकांनी जिलेबी मागवली, म्हणाले, लई डोकं चालतं राव तुझं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता शनिवारी बिल्ड बसल्याजागी होतं, सगळे वेळेवर घरी जातात. मी खोलीवर जाऊन दार लावून बसतो, पोरांसारखाच.

परवा मॅडमचा फोन आला. नांदेडला एका ऑफिसात डाटा एंट्री करतात, तिथंच खोली केलीय, सावी जवळ असते. प्रोग्रॅमिंग सुटलं ते सुटलंच, म्हणाल्या. आपल्या डोक्याचं ते काम नव्हतंच, सर. केळी पाठवू का म्हणून विचारलं त्यांनी. मग हसून म्हणाल्या, "आपल्या बिल्डला अजून तेवढाच येळ लागतो का हो?"

"हाव मॅडम," मी म्हणालो. "तेवढाच लागतो."

"लई मोठं हाय ना ते," त्या म्हणाल्या.

मी हाव म्हणालो.