शिवणकाकूचे पिंजरे

गल्लीतली सगळी भटकी मांजरं शिवणकाकूच्या नावावर जमा होती. कुणाच्या ओट्यावरून मासा पळाला, की बोलणी काकूला. तीही काही कमी नव्हती. "मांजराने खाल्ला की तुमच्या यजमानांनी, ते आधी बघा," म्हणायची आणि पुन्हा मशीनवर पाय मारायला लागायची.

नुसतं खायला घालून ती थांबत नसे. एकेक मांजर पकडून दवाखान्यात न्यायची, पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करून आणायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायची. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणजे कानाचं कापलेलं टोक. पकडायची तिची रीत मात्र सबुरीची. पिंजऱ्याचं दार उघडं बांधून ठेवायचं आणि जेवण रोज आतच वाढायचं. ऑपरेशननंतरही तसंच, म्हणजे पुढे आजारपणात मांजर पुन्हा हाती लागतं. भुरी तेवढी ऑपरेशननंतर रुसली. वर्षभर दारातूनच वाकून बघायची. ती पुन्हा चारी पाय आत टाकून जेवली, त्या दिवशी आनंदाच्या भरात काकूने गिऱ्हाइकाच्या झग्याला बाही उलटी जोडली.

वरच्या मजल्यावर काकूची थोरली बहीण आणि भावजी राहतात. आई गेल्यावर तिनेच काकूला वाढवलं, त्यामुळे ताईचा शब्द म्हणजे शेवटचा. गेल्या थंडीत काकू तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा ताई म्हणाली, "छोटे, तू पडून राहा. त्यांचं खाणंपिणं मी बघते."

काकूचे डोळे भरून आले. जिला मांजरांची शिसारी, ती ताई बशा भरणार! पिंजरे कसे मांडायचे, भुरीला कोणता कोपरा लागतो, सगळं तिने पडल्यापडल्या सांगितलं.

ताईने अगदी तसंच केलं. मांजरं जेवायला लागली आणि तिने दारं लावली. भावजी टेम्पो घेऊन उभेच होते. त्यांच्या नव्या गाडीच्या टपावर पंजे उमटत होते, एवढंच कारण. मांजरं लांब मासळी बाजारामागे सोडून दोघं परत आली, आणि ताई काकूच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत बसली. ही बाई मला आजही जिन्यात भेटते आणि माझं डोकं तडकतं.

"गेली असतील कुठेतरी," ताई सांगत राहिली. काकूला ते पटेना. शेवटी भावजींच्याच तोंडून निसटलं.

अंगात त्राण नसताना काकू बाजारामागे गेली. खोक्यांच्या आड एक कापलेला कान दिसला.

"भुरे," तिने हाक मारली.

भुरीने मान वर केली, काकूकडे नीट पाहिलं आणि जी धूम ठोकली ती पुन्हा दिसलीच नाही.

काकू घरी आली तेव्हा ताई दारातच होती. "सापडली का गं? तुझ्या भल्यासाठीच केलं मी. आणि मांजरांना काय कळतंय? चार दिवसांत विसरतात."

"विसरली नाही, ताई," काकू म्हणाली. "मला ओळखलं तिने. म्हणूनच पळाली."