मी डॉक्टरांना सांगितलेलं ‘नाही’

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोर्ली पंचतनला माझ्या शाळेत, सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. त्याआधीचे दोन दिवस मी श्रीवर्धनच्या दवाखान्यात तिच्या उशाशी होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनंच मला हाकललं. “जा, पोरांची परीक्षा तोंडावर आलीये. मी कुठं पळून जातेय?” मी गेलो, आणि अकरा वाजता ती गेली... हृदयविकारानं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं निघताना दारात थांबून आवाज खाली आणतात आणि विचारतात, “ताईंना नेमकं काय होतं हो?” त्यांना हृदयाबद्दल विचारायचं नसतं. आमच्या आळीत उषाताई ही सगळ्यात आधी ‘आजारी’ म्हणून ओळखली जायची. त्या आजाराला सोळा वर्षं एक नाव होतं आणि ते चुकीचं होतं. ते तसं पडण्यात माझाही हात होता. मी हे लिहावं असं ताई कितीदा तरी म्हणाली. “तू लिही, शुद्धलेखन मी तपासते.” ती असताना माझ्याच्यानं झालं नाही.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चोवीस वर्षांची असताना ती घरी शिवणाचे क्लास घ्यायची. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिची झोपच उडाली. दिवसरात्र मशीन चालू, गाणी चालू, बोलण्याला खंड नाही. अंगणात वाळत घातलेली सुपारी ती येणाऱ्याजाणाऱ्याला ओंजळी भरभरून द्यायला लागली. सुरुवातीला आम्हाला मौज वाटली, कारण एरवी ताई अबोल. मग एका दुपारी ती आईचा लग्नातला शालू नेसली, मागच्या आळीत बँकेत काम करणाऱ्या एका मुलाच्या घरी गेली आणि त्याच्या आईला म्हणाली, “मी तुमची सून. ओवाळून घ्या मला.” तो मुलगा तिच्याशी कधी धड बोललाही नव्हता. अख्खी आळी गोळा झाली. आईनं तिला हाताला धरून घरी आणलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी ताईला समुद्रातून आवाज ऐकू यायला लागले.

भाऊंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, मुंबईतल्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. एसटीत ते मला एवढंच म्हणाले, “आवाजाचं सांगायचं. त्या घरचं काही बोलायचं नाही. मुलीचं लग्न व्हायचंय.” डॉक्टर वयस्कर होते, शांत होते. भाऊ ताईसाठी पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी मला सरळ विचारलं, “हे आवाज सुरू होण्याआधी ती फार आनंदात, फार बडबडत, न झोपता, भलतंसलतं धाडस करत, अशी होती का?” मी वीस वर्षांचा होतो. मी खाली बघून म्हणालो, “नाही.” ताई शेजारच्याच खुर्चीत बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी कागदावर ‘स्किझोफ्रेनिया’ लिहिलं.

पुढची सोळा वर्षं तिनं त्या नावाच्या गोळ्या घेतल्या. चेहरा ताठरला, जीभ जड झाली, बोटं इतकी थरथरायची की सुईत दोरा ओवता येईना. शिवणाचे क्लास बंद पडले, लग्नाचा विषय तर कुणी काढलाच नाही. अधूनमधून ती महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळायची, आंघोळीलाही उठायची नाही. आम्ही म्हणायचो, आजारच तसा आहे. मध्येच सहा-आठ महिने असे यायचे की ताई अगदी पूर्वीची ताई व्हायची. हिशोबी, मिश्किल, माझ्या पोरांचा अभ्यास घेणारी. त्या महिन्यांचं काय करायचं ते आम्हाला कळत नव्हतं. फाईलमध्ये त्यांना जागाच नव्हती.

भाऊ गेल्यानंतर श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा अलिबागहून मानसोपचाराच्या डॉक्टर येऊ लागल्या. वयानं तरुण, बोलण्यात ठाम. आई, मी आणि ताई तिघंही गेलो. मी जाडजूड फाईल पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सरकवली. “ही नंतर बघते. आधी मला पहिल्यापासून सांगा.” मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. आवाज नेमके कधी येतात? मन एरवीसारखं असतानाही येतात, की फार चढलेलं किंवा फार खचलेलं असतानाच? दोन आजारपणांच्या मधल्या काळात ही कशी असते? घरात आणखी कुणाला असं होतं? आई म्हणाली, “मधल्या काळात हिच्यासारखी शहाणी नाही हो कोणी.” डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सोळा वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न जवळपास त्याच शब्दांत विचारला.

मी सगळं सांगितलं. सुपारी, शालू, बँकेतला मुलगा, भाऊंचं एसटीतलं बोलणं, माझं ‘नाही’. मी विचारलं, “रक्त तपासून हे तेव्हाच कळलं नसतं का?” त्या म्हणाल्या, “बाकीचे आजार नाहीत ना, एवढंच रक्तातून कळतं. मनाच्या आजाराचं नाव रक्तात सापडत नाही. काय झालं, किती दिवस टिकलं, कशामागून काय आलं, यावरून आम्ही ते ठरवतो. आमच्याकडे त्याची पुस्तकं आहेत, तीही बदलत असतात. आधीच्या डॉक्टरांनी जे ऐकलं त्यावरून लिहिलं. त्यांना निम्मीच गोष्ट मिळाली.” मग त्यांनी आजाराचं नवं नाव सांगितलं, बायपोलर, मराठीत द्विध्रुवी; मन कधी या टोकाला चढतं, कधी त्या टोकाला खचतं.

ताई जड जिभेनं, सावकाश म्हणाली, “म्हणजे मी आता उत्तर ध्रुवावर आहे की दक्षिण?” डॉक्टर मोकळेपणानं हसल्या. मला मात्र हसू आलं नाही.

घरी येताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “विनू, मी पण तिथंच होते की. मलाही लाजच वाटत होती... तू नाही म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.” थोडं चालून गेल्यावर पुन्हा म्हणाली, “पण नाव बदललं म्हणून सोळा वर्षं परत येत नाहीत, हे लक्षात ठेव.” मी ते विसरलेलो नाही.

जुन्या गोळ्या हळूहळू कमी झाल्या, लिथियम सुरू झालं, त्यासाठी ठरावीक काळानं रक्त तपासणं आलं. जादू झाली नाही. नंतरही दोनदा ती खचली, एकदा चार महिने. पण चेहरा सैल झाला, हसू परत आलं. बोटं थोडी थरथरायची, तरी सुईत दोरा जाऊ लागला. आणि दर महिन्याला डॉक्टर यायच्या त्या दिवशी ती आपली तपासणी झाली तरी घरी यायची नाही. नव्यानं आलेल्या रुग्णांच्या घरच्यांजवळ जाऊन बसायची. जीवना बंदराकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती, पदर तोंडाला लावून. ताईनं विचारलं तर म्हणाली, “तसं काय न्हाय हो. जरा झोप न्हाय त्यांना.” ताई म्हणाली, “तसं काही नाही, तर मग इथं का बसलात? जे सांगायची लाज वाटतेय ना, तेच पहिलं सांगा. मी नाही सांगितलं, मला सोळा वर्षं लागली.” ती बाई आत अर्धा तास बोलली. ताईच्या दिवसांना ती भेटायला आली होती, नवऱ्यासोबत. तो आता पुन्हा होडीवर जातो.

परवा मी ताईची खोली आवरायला घेतली. भिंतीवर तिचं कॅलेंडर आहे. रोजच्या चौकोनात ती बारीक अक्षरात दोन गोष्टी लिहायची, झोप किती तास आणि मन कसं. डॉक्टरांनी लावलेली ही सवय तिनं पंधरा वर्षं मोडली नाही. तिला दवाखान्यात नेलं त्या दिवशीच्या चौकोनात लिहिलं आहे, ‘झोप सहा तास. मन ठीक. छातीत डावीकडे दुखतंय, हात जड. हे मनाचं नाही. विनूला फोन करून लगेच सांगायचं.’

आणि तिनं फोन केला होता. आम्ही दवाखान्यात पोचलो, तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, लगेच उपचार सुरू केले. तरी ती राहिली नाही. मी ते कॅलेंडर भिंतीवरच ठेवलं आहे. आमच्या घरात ताईबद्दल काहीही न वगळता लिहिलेला तेवढा एकच कागद आहे, आणि तो तिच्या अक्षरात आहे.