न शेकलेले खांदे

कढवलेल्या तुपात हळद पडली की एक उष्ण, किंचित कडवट, तरीही मायाळू गंध उठतो. आणि पळसाच्या पानावरून ते तूप बैलाच्या खांद्यावर उतरते तेव्हा त्या मुक्या जनावराच्या पाठीवरून सुखाची जी थरथर धावत जाते, ती पाहून माझे मन निवत नाही, उलट जळते. पोळ्याच्या आदल्या दिवशीची ही खांदशेकणी! वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला खांदा ऊन पाण्याने शेकायचा, तुपाहळदीने चोळायचा, आणि मग बैलाच्या कानाशी लागून जेवणाचे आमंत्रण द्यायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या उंद्री गावात हे घरोघर चालते. इतक्या सोज्ज्वळ सोहळ्यात या बाईच्या कपाळावर आठी कशाला, असे तुम्ही विचाराल. सांगते.

माझी लेक अश्विनी विमान चालवते. आम्ही तिला आशू म्हणतो. कॅप्टनच्या शेजारच्या आसनावर बसते, आणि स्वतः कॅप्टन होण्याचे स्वप्न तिने उंद्रीच्या या अंगणात, उघड्या आभाळाखाली पाहिलेले आहे. गेल्या वर्षी खांदशेकणीला ती घरी आली, तेव्हा दारात एक कांतिहीन मूर्ती उभी होती. डोळे उघडे, पण त्यांत पाहणे नाही! चिखलीच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. श्रांत, क्लांत, म्लान असे कितीतरी शब्द मी मुलांकडून घोकून घेतले असतील. त्या सगळ्यांचा अर्थ त्या दिवशी माझ्या उंबऱ्यावर उभा होता.

काय असते तिचे जगणे? एका आठवड्यात तांबडे फुटायच्या आत आकाशात, दुसऱ्या आठवड्यात जग जागे होताना परत जमिनीवर. कोणी कधी कुठे उडायचे याचा एक तक्ता असतो, त्याला ते रोस्टर म्हणतात. त्यात दोन उड्डाणांमधली जी कोरी जागा, तिचे नाव विश्रांती. मग त्या कोऱ्या जागेत परगावचे हॉटेल असो, रस्त्यावरची कोंडी असो, की संभाजीनगरच्या विमानतळावरून उंद्रीपर्यंत खाल्लेले गचके असोत, तक्त्याच्या लेखी पोरगी झोपलेली असते. अहो, झोप म्हणजे काय नळाची तोटी आहे, कंपनीने फिरवली की सुरू?

शेजारच्या बाया तिला पाहायला आल्या आणि त्यांतल्या एकीने मला बाजूला घेऊन विचारले, "इमान तं आपोआपच चालते म्हन्तात, मंग थकते काऊन वो हे पोरगी?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण बायांना तरी काय बोलणार? शहरातले शिकलेले लोकही हेच विचारतात, फक्त इस्त्रीच्या भाषेत.

सगळ्या बाया गेल्यावर आशू माझ्या मांडीवर डोके ठेवून हळूच बोलली. शहरात ती अशी बोलत नाही. आतले काही सांगायचे असले की तिला वऱ्हाडीच लागते. "आई, परवा इमान उतराच्या थोडं आंधी माह्या डोयाले डोया लागला. दचकून बाजूले पाह्यलं, तं कॅप्टनचेही डोये मिटेल."

मागे दीड-दोनशे माणसे पट्टे बांधून निश्चिंत बसलेली, आणि पुढे दोन्ही वैमानिक निद्राधीन! मी म्हटले, अगं, मग सांग ना त्यांना, थकले म्हणून. सांगता येते, तसा नियम आहे, ती म्हणाली. पण सांगणाऱ्याचे नाव लक्षात ठेवले जाते. पुढच्या महिन्यात तिचे कॅप्टनचे प्रशिक्षण होते. बोलावे तर स्वप्न जाते, न बोलावे तर कुणाचे काय काय जाईल! माझ्या लेकीच्या खांद्यावरचे जू हे असे होते.

तेवढ्यात अंगणात कलकल झाली. माझे दीर, नामदेवभाऊजी, बैलांचे खांदे शेकत होते आणि शेजारचा शालिकराम तुरीतले तण काढायला डवरा मारायचा म्हणून बैलजोडी मागायला आला होता. "घडीभराचं काम हाय, काऊन अडून राह्यला बे?" भाऊजींनी मान वर न करता सांगितले, "नाई बे. खांदा शेकला त्याचा. आता जू नाई." एकदा खांदा शेकला की दुसऱ्या दिवशी पोळा फुटून सण संपेपर्यंत जू ठेवायचे नाही, ही आमच्याकडची रीत. आजूबाजूचे सगळे भाऊजींच्याच बाजूचे. शालिकराम स्वतःच ओशाळला आणि हसत परत गेला.

आशू तुपाची वाटी धरून भाऊजींजवळ जाऊन बसली, आणि तिचा फोन वाजला. कंपनीतला गोड, अदबशीर आवाज. कोणी आजारी पडले आहे, तुमची विश्रांती नियमानुसार पूर्ण झालेली आहे, आजच मुंबईला निघा, पहाटेचे उड्डाण आहे. आशूने एकदा बैलाच्या खांद्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मी थकले आहे. मी उडवणार नाही." फोन ठेवून तिने तुपाची वाटी पुन्हा हातात घेतली. "बराबर बोल्ली पोरी," भाऊजी म्हणाले.

बरोबर बोलण्याचे काय होते ते पुढे कळले. कुठल्या डॉक्टरने तपासले, अशी विचारणा झाली. ताप मोजायची नळी असते, थकव्याची कुठून आणावी? मग बांधिलकी कमी पडते म्हणून प्रशिक्षणातून तिचे नाव वगळले गेले. आणि ते पहाटेचे विमान? ते गेलेच की! तिच्याइतक्याच दमलेल्या दुसऱ्या एका पोराला आदल्या संध्याकाळी उतरता उतरता धरले. विमान सुखरूप पोहोचले. काही झाले नाही. आणि काही झाले नाही म्हणूनच काही बदलायचे कारण नाही, असे ते निष्ठुर गणित! म्हणजे बदलण्यासाठी यांना नक्की काय व्हायला हवे आहे?

आज पुन्हा खांदशेकणी. आशू यायची होती. सकाळपासून मी पुरणाची डाळ निवडत होते. दुपारी तिचा फोन आला. "आई, बॅग भरेल होती वो. पन त्यायचा फोन आला."

"थकली आहेस ना?"

"हाव."

"मग काय म्हणालीस?"

"येतो म्हटलं."

मी डाळीचे ताट बाजूला सारले. खरे बोलण्याची किंमत तिने एकदा चुकवली आहे. पुन्हा चुकव, असे आईने तरी कसे सांगावे?

अंगणात तुपाहळदीचा तोच गंध दरवळतो आहे. मळभ दाटलेले आहे, आणि त्याच्याआडून एका विमानाची घरघर गेली. तिचे की दुसऱ्या कुणाचे, कोण जाणे. भाऊजी बैलाच्या कानाशी वाकले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणाले, आणि त्या तुकतुकीत, शेकलेल्या खांद्याच्या बैलाने सुखाने डोळे मिटले.

मिट बाबा, मिट. तुझे डोळे मिटले तर कुणाचे काही बिघडत नाही.